बारा ते दोनचा पहारा

किसना, परवा सप्ताह बसतो. शंकरबुवांनी मारुतीच्या देवळात शाळेतला जुना फळा आणून टेकवला आहे आणि त्यावर खडूनं पहाऱ्यांची यादी लिहिली आहे. दोन-दोन तासांचा एकेक पहारा, पुढं ज्याचं त्याचं नाव. सगळ्या ओळी भरल्या, फक्त दुपारी बारा ते दोन कोरी आहे आणि तुझी दोन ते चारही. काल मी वांग्याचं टोपलं घेऊन देवळावरून जात होतो, तर बुवा पायरीवरूनच ओरडले, "गणपत, तुह्या पायाचं कसं काय हाये आता?"

मी म्हटलं, "बरा हाये."

"मंग लिहू का तुले बारा ते दोन?"

मी तसाच पुढं चाललो. डोक्यावर टोपलं असलं की मान हलवता येत नाही, तेवढंच कारण मला पुरलं. घरी आलो आणि टोपलं ओसरीत आदळलं. सुभद्रा चुलीपासून उठून आली, सांडलेली वांगी गोळा करत म्हणाली, "त्या वांग्याईनं काय घोडं मारलं तुमचं?"

माझ्या पायाला काय झालं होतं ते तुला माहीत आहे. काहीही झालं नव्हतं. सात वर्षं दर चैत्रात गावाला माझा पाय दुखतो म्हणून तूच सांगत होतास, आणि माझा पहाराही तूच उभा राहून काढत होतास. आता तू नाहीस, तर पाय कोणाच्या तोंडानं दुखणार?

आज तुझी तेरवी झाली. मी पंगतीत वरण वाढलं. दोन जणांना दोनदा वाढलं आणि एकाला वाढायचं राहूनच गेलं. लोक समजले की दुःखानं होतं. दुःख होतंच, पण खरं सांगू का, मला तुझा रागही आला होता. असा मधेच उठून जातो का कोणी? आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. सातवी शिकलो म्हणून अख्ख्या गावाची पत्रं मी लिहितो, तर म्हटलं तुलाही एक लिहावं. आता हेही असं पुस्तकी होतं आहे. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, "काऊन बे गणप्या, कागदावर कोट घालून बसला का?"

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या चैत्रातली गोष्ट ती. मोट सोडून मी नाल्यापल्याडच्या विहिरीवर तेलाचं इंजन बसवलं होतं. त्याची फटफट थेट देवळापर्यंत ऐकू यायची. तुझा गळा म्हणजे फुटकी घागर, भजनात तू तोंड उघडलंस की टाळकरी एकमेकांकडे पाहायचे. तरी तुला त्याची कधी लाज वाटली नाही. उलट मला म्हणायचास, "तुह्यं इंजन माह्यापेक्षा तालात हाये, त्यालेच आनून बसव भजनात."

सप्ताहाचा नियम आपल्याला पोरवयापासून पाठ. सात दिवस वीणा वाजती राहिली पाहिजे आणि ती भुईला टेकता कामा नये. पोटात कावळे ओरडोत, पाय सुजोत, घरी पाहुणे येऊन बसोत. पुढचा पहारेकरी येतो, पाया पडतो, कपाळाला बुक्का लावतो आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आपल्या गावात ती आजवर कधी टेकली नाही, असं सगळे छाती काढून सांगायचे. अजूनही सांगतात.

मी बारा ते दोन उभा होतो. टाळकरी जेवायला गेले होते. देवळात मी, मारुती आणि ओट्याखाली जीभ बाहेर काढून पडलेलं एक कुत्रं. ऊन असं की सभामंडपाबाहेरच्या फरशीवर पाय ठरत नव्हता. मी तार छेडत होतो, तोंडानं रामकृष्णहरी चालू होतं, आणि कान मात्र नाल्यापल्याड होते. चारच दिवसांपूर्वी वांग्याची रोपं लावली होती. पाणी अर्ध्या वाफ्यांत पोचलं असेल, आता पुढच्या सरीला लागलं असेल, असा माझा हिशेब आतल्या आत चालला होता.

आणि इंजन बंद पडलं.

किसना, मी विचार केला आणि मग वीणा ठेवली असं मला कितीदा म्हणता आलं असतं. पण तसं झालं नाही. विचार मागून आला. आधी बोटं थांबली, गळ्यातून पट्टा निघाला, वीणा पोथीच्या चौरंगाला टेकली आणि मी अनवाणी पळत सुटलो. नाला ओलांडेपर्यंत मला कळलंही नाही की आपण काय केलं. तेलाच्या नळीत हवा धरली होती, एवढंच. नळी सोडवली, फुंकली, हँडल मारलं, इंजन परत सुरू झालं. परत येताना नाल्यात उतरलो तेव्हा वरून वीणेचा आवाज येत होता.

तू उभा होतास. तुझं घर देवळामागंच. तू जेवायला बसला होतास आणि तुला वीणा थांबलेली ऐकू आली, तसा ताटावरून उठून आलास. मिशीला ताक लागलेलं होतं. एकाच दुपारी, एकाच गावात, दोघांना दोन आवाज थांबलेले ऐकू आले. मला माझा आणि तुला तुझा. इतक्या वर्षांत हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून मला तुझ्यासमोर धड उभं राहता आलं नाही.

तू एवढंच म्हणालास, "पाय धू. तोंडावर पानी मार. आन् इथं बस चुपचाप."

चार वाजेपर्यंत तू उभा राहिलास. संध्याकाळी बांधावर मी तुला म्हटलं, "किसना, सांगून टाकू का गावाले?"

"आता नको. लोकाईचा हिरमोड होईन. सप्ताह निपटू दे."

सप्ताह निपटला. काल्याला अख्खं गाव त्या वीणेच्या पाया पडलं. शंकरबुवा भरल्या डोळ्यांनी म्हणाले, यंदाही अखंड झालं बरं का. मी तुझ्याकडे पाहिलं, तू खाली पाहिलंस. इथंच आपलं भांडण आहे. त्या दिवशी तू मला सांगू द्यायला हवं होतंस. तुला वाटलं तू मला वाचवलंस. लोकांच्या बोलण्यातून वाचवलंस, हे खरं. पण त्यानं माझं काय झालं ते तू पाहिलंसच की.

मी वाट पाहत बसलो. आता काहीतरी होईल. म्हैस मरेल, विहीर आटेल, सुभद्रा आजारी पडेल. रोज सकाळी उठून मी गोठ्यात डोकावायचो. आणि झालं काय? काहीच नाही. उलट वांगी अशी आली, अशी आली, की धामणगाव बढ्याच्या बाजारात लोक हातात घेऊन पाहायचे. एखादं संकट आलं असतं तर मी देवाच्या पायावर जाऊन पडलो असतो रे. वांगी आली म्हणून मी बुडालो. मनात एक गोष्ट बसली की वीणा खाली ठेवली तरी इंजन चालतं, मग उभं राहायचं कशासाठी?

सगळं एका दिवसात सुटलं असं नाही. आधी संध्याकाळचं भजन सुटलं, कारण पाणी संध्याकाळीच द्यायचं असतं. मग एकादशी सुटली. मग एक दिवस आंघोळीसाठी माळ काढली ती इंजनाच्या खोलीत खिळ्याला अडकवली आणि परत घातली नाही. दोन-तीन दिवस मान उघडी उघडी वाटली, मग सवय झाली. तुळशीच्या मण्यांवर तेलाचा धूर बसत गेला. त्या खोलीत तू तंबाखू मळायला यायचास, माळ तुझ्या नाकासमोर लटकत असायची. तू बोलत नव्हतास. मला वाटायचं, बोल ना एकदा, शिव्या घाल, म्हणजे मला उलटून बोलता येईल.

मग त्या बाजाराचा दिवस. व्यापाऱ्यांनी आग्रह केला आणि मी त्यांच्यासोबत खानावळीत बसून मटण खाल्लं. बाहेर निंबाखाली बैलगाडीशी तू शिदोरी सोडून माझी वाट पाहत बसला होतास. भाकर तशीच ठेवली होतीस, माझ्यासाठी. मी तोंड पुसत आलो. तुला वास आला असणार. तू दोन्ही भाकरी बैलांना चारल्यास आणि गाडी जुंपलीस. गावाची शीव आली तेव्हा बैलांकडे पाहतच म्हणालास, "आज नाव घेतलं का बे?"

मी म्हटलं, "घेतलं."

"बरं."

त्या दिवसापासून तुझा तो पाढा सुरू झाला. रोज सकाळी बांधावर भेटलास की, काय रे, बी टाकलं का, पाऊस दिसते का, आणि शेवटी, "आज नाव घेतलं का बे?" मी रोज म्हणायचो, "घेतलं." रोज खोटं. इतक्या वर्षांत एकदाही खरं नव्हतं ते. तुला माहीत होतं आणि तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी तू विचारायचं सोडलं नाहीस आणि मी खोटं बोलायचं.

एकदा मात्र मी उखडलो. आठवतं का, विहिरीतला गाळ काढत होतो त्या दिवशी? मी म्हटलं, "तू तंबाखू सोडत नाहीस, बायकोवर दिवसभर खेकसतोस, भजनात बेसूर गातोस, आन् मले नाव घ्यायले सांगतोस? देवानं तुले मुकादम नेमलं का माह्यावर?"

मला वाटलं आता तू चिडशील. तू टोपली खाली ठेवलीस आणि विहिरीच्या काठावर बसलास. "गणप्या, मले तरी कुठी दिसते बे देव? मी उभा रायतो, तोंडानं नाव चालू असते आन् मनात बैलाचं वेसन असते. मीही रोज पडतो. रोज पडतो म्हनून रोज उठा लागते. न उठलो का मंग तसंच पडल्या पडल्या गोड वाटाले लागते. मले त्याचं भेव वाटते, दुसऱ्या कशाचं नाही."

मी म्हटलं, "आन् माह्यावर काहीच झालं नाही त्याचं काय? वीणा ठेवली, तरी वांगे आले."

"तं देव काय पोलीसपाटील हाये का बे? तू काही केलं का लगेच तुले चावडीवर बोलावीन?"

मी हसलो. तूही हसलास. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, आणि मी पुढं विचारलं नाही. बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली होती.

मागच्या चैत्रात तू आजारी होतास. पोटात अन्न ठरत नव्हतं, सदरा अंगात फिरत होता. मी त्या दुपारी मुद्दाम शेतात गेलो, इंजनाजवळ बसलो. इंजन नीट चालू होतं, मला तिथं काही काम नव्हतं. दोन वाजता राहवलं नाही म्हणून नाल्याच्या शेताकडच्या काठावर आलो आणि झाडाआडून पाहिलं. तू एका हातानं खांब धरला होतास आणि दुसऱ्या हातानं तार छेडत होतास. बारापासून उभा होतास आणि अजून दोन तास जायचे होते. मी तिथंच थांबलो. नाला म्हणजे वीस पावलं. मी ती टाकली नाहीत. किसना, वीणा खाली ठेवली ते पाप असेल नसेल, देव जाणे. पण ही वीस पावलं मी टाकली नाहीत, हे मला झोपू देत नाही.

आणि तुझं अखेरचं दुखणं. तू जायच्या दोन दिवस आधी मी आलो होतो. तू बाजेवर, वहिनी पायाशी बसलेल्या. तुझा आवाज गेला होता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि भुवया वर केल्यास, बस, तेवढंच. वहिनींना वाटलं पाणी हवं. मला कळलं तू काय विचारतोस ते. तेव्हा तरी मी खरं सांगायचं होतं. म्हणायचं होतं, नाही घेतलं किसना, तू विचारायला लागलास तेव्हापासून एकदाही नाही, आता काय करू सांग. मी मान हलवली. घेतलं म्हणून. तू डोळे मिटलेस. तुला समाधान वाटलं की कंटाळा आला, हे मला आता कधीच कळणार नाही.

हे सगळं असं आहे. परवा सप्ताह बसतो. बुवांना हो म्हणावं तर सात वर्षांची लबाडी गळ्यात घेऊन वर वीणा घ्यायची. नाही म्हणावं तर परत पाय दुखायला लावायचा. खरं सांगावं तर तुझं नाव त्यात येतं. ज्या माणसानं गावासमोर सात वर्षं खोटं सांगितलं, देवळात उभं राहून सांगितलं, तो तू होतास. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या नावावर हे टाकू का? दोन दिवस मी घरातून शेतात आणि शेतातून घरात करतो आहे. सुभद्रा म्हणते, "अंगात काय शिरलं तुमच्या? बसा ना एका जागी."

*

मधे हा कागद तसाच पडून राहिला. आता सप्ताहाचा पहिला दिवस आहे, सूर्य मावळायचा आहे, आणि मी तुझ्या बांधावर बसून पुढचं लिहितो आहे. कागद मांडीवर आहे, अक्षराकडे पाहू नकोस.

काल सकाळी मी तुझ्या घरी गेलो. कौसल्यावहिनी अंगणात तुरी पाखडत होत्या. मी ओट्यावर बसलो आणि धाडकन सांगून टाकलं, की वहिनी, त्या सालची वीणा मी ठेवली होती, किसननं लपवलं, आता मला गावाला सांगायचं आहे पण त्याचं नाव खराब होईल.

त्यांनी सूप थांबवलं नाही. "मले त्याच दिशी मालूम झालं भाऊजी. ताटावरून उठून गेलते ते. परत आल्यावर मी इचारलं तं म्हने, गणपतचा पाय दुखते. मी म्हटलं, तुमच्या डोळ्याकडं पाहून सांगा. मंग सांगतलं."

"मंग तुमी काही बोलल्या नाही?"

"बोलली नाही कशी? दर साली भांडली. म्हटलं, त्याच्यासाठी तुमी काऊन मरता? तं म्हनत, एसटीत आपन गावच्या मानसासाठी रुमाल टाकून जागा धरतो का नाही? तो फाट्यावर मांगं राह्यला असते, धावत येऊन राह्यला असते. तशी धरली म्हने मी. गणपत येईन तं त्याले जागा पायजे." एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "सांगायचं असन तं सांगा, नसन सांगायचं तं नका सांगू. पन त्याईचं नाव पुढं करू नका. मेलेल्या मानसाच्या आड लपू नका भाऊजी."

मी उठलो. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. रडू आलं, तेही तिथं नाही, गोठ्यामागं जाऊन.

आज सकाळी वीणेची पूजा झाली, पंचवीस-तीस माणसं होती. नारळ फुटायच्या आधी मी उभा राहिलो आणि सांगितलं. लांबवलं नाही. त्या सालच्या सप्ताहात माझ्या पहाऱ्यात इंजन बंद पडलं, मी वीणा चौरंगाला टेकवून शेतात पळालो, किसन आला म्हणून वाजती राहिली. माझा पाय कधी दुखत नव्हता. किसन माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी त्याला बोलू दिलं.

मागून एक जण म्हणाला, "म्हंजे त्या सालचा सप्ताह बाटलाच की!" दुसरा म्हणाला, "इतके दिवस आमी कायच्या पाया पडलो मंग?" मी खाली पाहत उभा होतो. शंकरबुवांनी हातातला नारळ खाली ठेवला. त्यांचे हात म्हातारपणानं हलतात, तेवढेच हलत होते.

"किती वेळ टेकली होती?"

"मालूम नाही बुवा. मी आलो तं किसन उभा होता."

बुवा वळून फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि बारा ते दोनच्या पुढं लिहिलं, गणपत. दोन ते चारच्या पुढं लिहिलं, गणपत. मागं न पाहता म्हणाले, "सातही दिवस. आन् ते पाय-बिय काही चालनार नाही. चला, नारळ फोडा."

सुभद्रानं विचारलं, त्या चार घंट्यांत इंजन बंद ठेवायचं का. मी म्हटलं, चालू दे. बंद ठेवलं असतं तर मला सोपं गेलं असतं, आणि सोपं जावं असं मला वाटत नव्हतं. कांद्यालाही आज पाणी हवंच होतं.

बारा वाजता वीणा गळ्यात आली. सात वर्षांत ती जड झाली की मी म्हातारा झालो, कोण जाणे. तुझ्या हाताखालचा तो खांब अजून तिथं आहे, तेलकट झालेला. मी तो धरला नाही. पहिला तास मला लोकांचीच भीती होती, कोण काय बोलत असेल याची. दुसऱ्या तासात पायांची. दोन वाजले, कोणी बदलायला आलं नाही, येणारच नव्हतं. आणि तीनच्या सुमारास इंजन बंद पडलं.

किसना, तुझी शपथ, माझी बोटं थांबली. एक क्षण. उजवा पाय पुढं सरकलाही. सगळं अंग त्या नाल्याकडे ओढलं जात होतं, कांदा दिसत होता, कोरडी सरी दिसत होती. मग सुभद्रा धापा टाकत देवळाच्या पायरीशी आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिथंच बसली. मी तार छेडली. रामकृष्णहरी म्हटलं. तोंडानंच, मनात कांदाच होता. तू म्हणाला होतास तसंच.

मला वाटलं होतं आज काहीतरी होईल. आतून काही हलेल, डोळे भरतील, तू जवळ आहेस असं वाटेल. काहीच झालं नाही. त्या सालीही काहीच झालं नव्हतं आणि मी सगळं सोडून दिलं होतं. आजही काही झालं नाही आणि मी चार वाजेपर्यंत उभा होतो. तुझं ते विहिरीच्या काठावरचं बोलणं आज जरासं कळलं असं वाटतं. पुरतं कळलं म्हणणार नाही. कांद्याच्या तीन सरी सुकल्या, त्या उद्या भिजतील.

माळ अजून खिळ्यालाच आहे. बुवा म्हणाले, सात दिवस उभा राहा, मग पाहू. मला सातव्या दिवसाचा भरवसा नाही. उद्याचाही नाही. उद्या बारा वाजता मी परत नाल्याकडे पाहीन, कुणी टोचून बोललं तर भांडेनही. तू होतास तोवर माझी एक सोय होती. रोज विचारणारा होता, म्हणून रोज खोटं बोलता येत होतं. आज सकाळी बांधावर आलो तेव्हा तुझ्या बाजूला कोणी नव्हतं. मी जरा वेळ थांबलो. कोणी विचारलं नाही. किती वाईट असतं रे, कोणी न विचारणं.

तू मला सांगू दिलं नाहीस, त्याचा राग अजून गेला नाही. तो राहू दे. तू जागा धरून ठेवलीस, त्याचं काय करू ते सांग. उन्हात, उपाशी, पोटातलं दुखणं दाबून, एका खोटारड्यासाठी. मी वीस पावलं टाकली नाहीत आणि तू सात वर्षं रुमाल उचलला नाहीस.

सूर्य गेला आता. तुझी भेंडी वहिनींनी आज तोडली नाही, उद्या जून होईल. मी जाताना तोडून देतो.

आणि ऐक. आज नाव घेतलं, किसना. आज खरंच घेतलं.